शके, संवत, सन: एकाच वर्षाचे निरनिराळे आकडे कसे वाचावेत?

१५ ऑगस्ट २०२५ या एकाच दिवशी ठाणे शहरात किमान डझनभर निरनिराळी वर्षे चालू होती. झेंडावंदनाच्या निमंत्रणपत्रिकांवर इसवी सन २०२५ छापलेला होता. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात शालिवाहन शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण वद्य सप्तमी अशी नोंद होती आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकाला असल्यामुळे टेंभी नाक्यापासून नौपाड्यापर्यंत दहीहंडीची तयारी चालली होती. उत्तर भारतातून येऊन येथे स्थायिक झालेल्या शेजाऱ्यांच्या पंचांगात विक्रम संवत २०८२ होता आणि महिना भाद्रपद होता. गुजराती व्यापाऱ्याच्या चोपडीत मात्र संवत २०८१ होता आणि महिना श्रावणच होता. मुस्लिम घरांत हिजरी १४४७ चा सफर महिना चालू होता. पारशी कुटुंबांसाठी तो दिवस यझदगर्दी १३९५ या नव्या वर्षाचा पहिला दिवस होता. टेंभी नाक्याजवळच्या १८७९ साली बांधलेल्या ‘शार हाशमायीम’ या प्रार्थनास्थळात जाणाऱ्या मराठीभाषक बेने इस्रायली ज्यू मंडळींच्या गणनेने ५७८५ वे वर्ष संपत आले होते. जैनांचा वीर निर्वाण संवत २५५१, बौद्धांचे बुद्धवर्ष २५६९, बंगाली सन १४३२, आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत राहणाऱ्या मल्याळी कुटुंबांचे कोल्लम वर्ष १२००, ज्याचे शेवटचे दोनच दिवस उरले होते. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून मोजणाऱ्यांचे राज्याभिषेक शक ३५२ आणि पूजेच्या संकल्पात ज्या कलियुगाचा उच्चार होतो, त्याची उलटून गेलेली ५१२६ वर्षे अजून वेगळीच.

हे सारे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांतील एकही दुसऱ्याला खोटे ठरवत नाही. तरीही एका गणनेतून दुसऱ्या गणनेत जाताना वारंवार चुका होतात, कारण आपण बहुधा एकच बेरीज-वजाबाकी पाठ केलेली असते: शकात ७८ मिळवले की इसवी सन, संवतातून ५७ वजा केले की इसवी सन. वर्षाचा आकडा नीट वाचायचा असेल तर त्याला तीन प्रश्न विचारावे लागतात. मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू झाली? आकडा कोणत्या दिवशी बदलतो? आणि मोजली जातात ती पूर्ण झालेली वर्षे की चालू असलेले वर्ष? पाठ केलेली वजाबाकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. चुका घडतात त्या उरलेल्या दोन प्रश्नांपाशी.

पहिला प्रश्न त्यामानाने सोपा आहे. विक्रम संवताचा आरंभ इसवी सनापूर्वी ५७ मध्ये मानतात, शककालाचा इसवी सन ७८ मध्ये, हिजरीचा पैगंबरांच्या मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतराच्या वर्षी म्हणजे ६२२ मध्ये आणि पारशी गणनेचा इराणचा शेवटचा सासानी सम्राट तिसरा यझदगर्द याच्या राज्यारोहणापासून म्हणजे ६३२ पासून. यांतील काही गणना प्रत्यक्ष घटनेच्या वेळीच सुरू झाल्या, तर काही शतकानुशतके उलटल्यावर मागे मोजून ठरवल्या गेल्या. इसवी सन स्वतः दुसऱ्या प्रकारचा आहे: डायोनिशियस एक्झिग्युअस नावाच्या मठवासी विद्वानाने ही मोजणी इसवी सन ५२५ मध्ये मांडली, म्हणजे पहिली पाच शतके हा सन कोणी लिहीतच नव्हते. शालिवाहनाचे नावही शककालाला पुष्कळ उशिरा चिकटले. जुने कोरीव लेख ‘शकनृपकाल’ म्हणतात, शालिवाहन म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि आपल्या रोजच्या व्यवहाराशी त्याचा जवळचा संबंध आहे. आपला शक गुढीपाडव्याला, म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो. ठाण्यात त्या सकाळी कौपिनेश्वर मंदिराकडून स्वागतयात्रा निघते, तेव्हा इसवी सनाचे जवळजवळ तीन महिने उलटून गेलेले असतात. याचा अर्थ एक शक वर्ष नेहमी दोन इसवी सनांत पसरलेले असते. शके १९४७ हे ३० मार्च २०२५ ला सुरू झाले आणि १८ मार्च २०२६ ला संपले. म्हणून चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथींसाठी शकात ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९. मकरसंक्रांत, महाशिवरात्र आणि होळी हे सण या दुसऱ्या भागात येतात. तेथे ७८ मिळवले की उत्तर हमखास एका वर्षाने चुकते.

‘शके’ या एकाच शब्दाखाली आज दोन वेगळी वर्षे चालतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्वातंत्र्यानंतर देशभरात तिसाहून कमी नव्हेत इतकी पंचांगे वापरात असल्यामुळे केंद्र सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या अहवालानुसार भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका तयार झाली आणि २२ मार्च १९५७ या दिवशी, म्हणजे १ चैत्र १८७९ रोजी, ती लागू झाली. तिच्यात तिथी नाहीत, चंद्र नाही, अधिक महिना नाही. वर्ष दरसाल २२ मार्चला सुरू होते, लीप वर्षी २१ मार्चला, आणि महिने ३० किंवा ३१ दिवसांचे ठरलेले आहेत. शासनाच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी जो ‘शके’ छापतात, तो हा शक होय. त्यामुळे महाराष्ट्र दिन राष्ट्रीय दिनदर्शिकेत दरवर्षी ११ वैशाखलाच येतो, पण पंचांगात त्या दिवशी चैत्रही असू शकतो आणि वैशाखही. २०२५ मध्ये राजपत्राचा शक २२ मार्चला १९४७ झाला, घरातल्या पंचांगाचा मात्र ३० मार्चला. मधल्या आठ दिवसांत सरकारी शक १९४७ आणि घरचा शक १९४६ होता. २०२६ मध्ये हेच उलटे घडले, कारण गुढीपाडवा १९ मार्चलाच आला.

विक्रम संवताची गुंतागुंत याहून मोठी आहे. उत्तर भारतात तो चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, म्हणजे आपल्या गुढीपाडव्यालाच. गुजरातेत तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. मराठी कॅलेंडरातही विक्रम संवताचा आरंभ दिवाळी पाडव्याच्याच चौकोनात छापलेला असतो आणि २०२५ मध्ये तो दिवस २२ ऑक्टोबरला आला. पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचे सुमारे सात महिने उत्तरेचा संवत गुजरातेच्या संवतापेक्षा एकाने पुढे असतो आणि दिवाळीनंतर दोन्ही आकडे पुन्हा जुळतात. म्हणून एखाद्या जुन्या हुंडीवर किंवा देरासरातील, म्हणजे जैन मंदिरातील, शिलालेखावर नुसता संवत दिसला, तर तो लिहिणारा कोणत्या प्रांतातला होता हे ठाऊक झाल्याशिवाय इसवी सन नक्की करता येत नाही.

महिन्याचा फरक याच्या जोडीला येतो. आपल्याकडे आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाच्या महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते, परंतु वद्य पक्ष उत्तरेत पुढच्या महिन्याच्या नावावर जातो. म्हणूनच २०२५ मध्ये उत्तरेचा सावन ११ जुलैला सुरू झाला आणि आपला श्रावण २५ जुलैला. म्हणूनच जन्माष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी आहे आणि मथुरेच्या पंचांगात ती भाद्रपद कृष्ण अष्टमी आहे. यातून एक विलक्षण गोष्ट घडते. उत्तरेत चैत्र महिना कृष्ण पक्षाने सुरू होतो, पण नवे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला लागते. त्यामुळे तेथल्या चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात मोडतो आणि दुसरा नव्या वर्षात. होळीनंतरच्या त्या पंधरा दिवसांना आपण फाल्गुन वद्य म्हणतो आणि वर्षअखेर मानतो. नाव वेगळे असले तरी वर्ष बदलण्याचा दिवस दोघांचा एकच आहे.

वर्षाचा आकडा पहिल्या महिन्यातच बदलावा असाही नियम नाही. ज्यू पंचांगात निसान हा पहिला महिना मोजतात, परंतु वर्षाचा आकडा सातव्या, तिशरी महिन्याच्या पहिल्या दिवशी बदलतो. ५७८६ हे वर्ष २२ सप्टेंबर २०२५ च्या सूर्यास्ताला लागले. पारशांमध्ये १३९५ या एकाच आकड्याचे तीन आरंभ झाले: फसली पंथीयांचा २१ मार्चला, कदमींचा १६ जुलैला आणि शहेनशाहींचा १५ ऑगस्टला. आपल्या स्वतःच्या सरकारी कामातही हाच प्रकार आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते, महाराष्ट्राचे महसुली वर्ष १ ऑगस्टला आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये. आयकराच्या कागदांत २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नासाठी २०२६-२७ हे करनिर्धारण वर्ष लिहावे लागे. तेथे घडलेल्या व्यवहाराचे वर्ष आणि कागदावरच्या रकान्याचे वर्ष वेगळे होते, आणि कित्येकांची विवरणपत्रे या एका रकान्यामुळे अडली आहेत.

आता वर्षाच्या लांबीकडे वळू, कारण आकडा कधी बदलतो हे शेवटी तिच्यावरच ठरते. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौरवर्षापेक्षा जवळजवळ अकरा दिवसांनी लहान. हिजरी गणना ही तूट भरून काढत नाही. त्यामुळे तिचे सुमारे ३३ वर्षांचे चक्र सौर गणनेच्या ३२ वर्षांतच पुरे होते आणि रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. २००८ या एकाच इसवी सनात हिजरी नववर्ष दोनदा आले, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस. आपले पंचांग ही तूट साठू देते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून ती भरते. या महिन्याने वर्षाचा आकडा वाढत नाही, वर्ष मात्र लांबते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून शके १९४५ हे वर्ष ३८४ दिवसांचे झाले. त्याच्या पुढचे १९४६ हे ३५५ दिवसांचे आणि १९४७ हे ३५४ दिवसांचे होते. गुढीपाडवा २२ मार्चवरून ९ एप्रिलवर, तेथून ३० मार्चवर आणि मग १९ मार्चवर का आला, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. ज्यू पंचांगातही एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दुसऱ्यांदा घेतात. मूळ अडचण तीच आहे आणि उपायही त्याच जातीचा आहे.

वर्षाला आकड्याबरोबर नावही असते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रभव, विभव, शुक्ल येथपासून क्रोधन, क्षय येथपर्यंत साठ संवत्सरांची नावे ठरलेली आहेत आणि साठ वर्षांनी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. चालू चक्र शके १९०९ मध्ये, म्हणजे १९८७ च्या पाडव्याला, प्रभव संवत्सराने सुरू झाले. नाव काढण्याची रीत सोपी आहे: शकात १२ मिळवावे, साठने भागावे आणि जी बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे नाव घ्यावे. १९४७ मध्ये १२ मिळवले की १९५९ होतात, साठने भागल्यावर बाकी ३९ उरते, आणि एकोणचाळिसावे नाव विश्वावसु आहे. त्यापुढचे, शके १९४८ चे, नाव पराभव आहे. नावाच्या अर्थावरून वर्षाचे भविष्य सांगण्याची प्रथा आहे, परंतु ही नावे क्रमाने फिरतात आणि पराभवानंतर प्लवंग, कीलक, सौम्य ही नावे ठरलेल्या रांगेनेच येणार आहेत.

उत्तरेत मात्र त्याच १५ ऑगस्टला संवत्सराचे नाव सिद्धार्थी होते, आणि ते त्रेपन्नावे नाव आहे. हा चौदा नावांचा फरक गुरू ग्रहामुळे पडला. मुळात संवत्सर म्हणजे गुरूला मध्यम गतीने एक रास ओलांडण्यास लागणारा काळ, आणि तो सुमारे ३६१ दिवसांचा आहे. सौरवर्षाहून तो चार दिवसांनी लहान असल्यामुळे सुमारे पंच्याऐंशी वर्षांत एक संवत्सर जास्तीचे होते आणि त्याचे नाव गाळून पुढे जावे लागते. उत्तरेने हा हिशेब सोडला नाही. दक्षिणेने, आणि तिच्याबरोबर महाराष्ट्राने, हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच गुरूचा संबंध सोडला आणि दर पाडव्याला एक नाव अशी सरळ रांग लावली. तेव्हापासून दोन्ही रांगांमधले अंतर वाढत गेले. आपले नाव तेलुगू आणि कन्नड पंचांगांशी तंतोतंत जुळते. तमिळ पंचांगाशीही ते जुळते, फक्त तेथे वर्ष एप्रिलच्या मध्यावर बदलते.

आकडा असताना नाव कशाला, हे ठाण्याच्याच एका ताम्रपटावरून समजते. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरी याचे दानपत्र सापडले. किल्ल्याच्या त्या जागेत आज मध्यवर्ती कारागृह आहे. शिलाहारांच्या काळी या नगराचे नाव श्रीस्थानक होते. दानपत्रात काळ चार प्रकारांनी दिला आहे. शकनृपकालाची ९३९ वर्षे उलटली असता, पिंगल संवत्सरात, कार्तिक पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी हे दान दिले गेले. आपण पडताळा घेऊ. ९३९ मध्ये १२ मिळवले की ९५१ होतात, साठने भागल्यावर बाकी ५१ उरते, आणि एक्कावन्नावे नाव पिंगलच आहे. कार्तिक असल्यामुळे ७८ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १०१७. त्या वर्षीची कार्तिक पौर्णिमा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. समजा, तांब्यावरचा शेवटचा आकडा झिजून ९ ऐवजी ८ वाटला असता, तर नाव नल यायला हवे होते आणि वाचणाऱ्याला चूक तत्काळ कळली असती. दानपत्रे ही मालकीची कागदपत्रे होती, त्यामुळे लिहिणाऱ्यांनी काळाची नोंद एकाच आकड्यावर सोडली नाही. हजार वर्षांनंतर आपल्याला ती नोंद विश्वासाने वाचता येते, याचे श्रेय त्यांच्या त्या काळजीला आहे.

या ताम्रपटातील ‘वर्षे उलटली असता’ हे शब्द तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. मुलाला पाच वर्षे पूर्ण झाली असे एक जण म्हणतो आणि त्याला सहावे लागले असे दुसरा म्हणतो. दोघे एकाच वयाविषयी बोलत असतात. शक हा पूर्ण झालेल्या, म्हणजे गत वर्षांचा आकडा आहे. शके १९४७ याचा अर्थ १९४७ वर्षे संपली आणि १९४८ वे चालू आहे. काही जुन्या लेखांत मात्र चालू, म्हणजे वर्तमान वर्षाचा आकडा दिलेला असतो आणि तेथे नेहमीच्या बेरजेने उत्तर एका वर्षाने पुढे जाते. अशा वेळी संवत्सराचे नाव पुन्हा उपयोगी पडते, कारण ते त्या लेखाच्या प्रत्यक्ष वर्षाला बांधलेले असते. इसवी सन याच्या उलट, चालू वर्षाचा आकडा आहे: पहिले वर्ष चालू असतानाच त्याला १ म्हटले गेले. त्याच्या आधी शून्य वर्ष नाही. इसवी सनापूर्वी १ च्या पाठोपाठ लगेच इसवी सन १ येतो, म्हणून त्या सीमेपलीकडचे अंतर मोजताना एक वजा करावा लागतो.

गत आणि वर्तमान यांतला हा एकाचा फरक आजही जिवंत आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा सोहळा भारताने आणि श्रीलंकेने १९५६ मध्ये साजरा केला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. थायलंडने तोच २५०० वा टप्पा १९५७ मध्ये साजरा केला. एकीकडे परिनिर्वाणानंतरचे चालू वर्ष मोजतात आणि दुसरीकडे पूर्ण झालेले. म्हणूनच २०२५ च्या बुद्धपौर्णिमेनंतर आपल्याकडे २५६९ लिहिले गेले आणि थायलंडमध्ये २५६८.

हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी लागू करायचे असतील, तर शिवछत्रपतींच्या जन्मतिथीइतके चांगले उदाहरण नाही. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींत, शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. १५५१ मध्ये १२ मिळवून साठने भागले की बाकी ३ उरते, आणि तिसरे नाव शुक्ल आहे. शकात नुसते ७८ मिळवले तर १६२९ येते, परंतु फाल्गुन जानेवारीनंतर येत असल्यामुळे ७९ मिळवायचे, म्हणजे १६३०. तारीख येते १९ फेब्रुवारी. ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून सुधारलेली पद्धत पोर्तुगीजांनी लगेच स्वीकारली होती, त्यामुळे वसई-ठाण्याचे पोर्तुगीज त्या शुक्रवारी १ मार्च १६३० अशी तारीख लिहीत. सुरतेचे इंग्रज त्याच दिवशी १९ फेब्रुवारी लिहीत, पण सन १६२९ घालत, कारण १७५२ पर्यंत इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे. एकाच शुक्रवारासाठी तीन नोंदी झाल्या असत्या आणि तिन्ही खऱ्या असत्या. पूर्वी मानली जाणारी दुसरी जन्मतिथी शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया ही होती, आणि तिचाही हिशेब आतून जुळतो: १५४९ मध्ये १२ मिळवले की बाकी १ उरते आणि पहिले नाव प्रभव आहे. यावरून संवत्सराच्या पडताळ्याची मर्यादा दिसते. लेखनिकाची चूक तो पकडतो, परंतु दोन सुसंगत नोंदींपैकी कोणती खरी हे ठरवायला वेगळे पुरावे लागतात, आणि ते तपासूनच राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

मराठी कागदपत्रांत याखेरीज आणखी एक सन भेटतो, तो म्हणजे सुहूर सन. मोडी वाचायला शिकणारे विद्यार्थी बहुधा येथेच पहिल्यांदा अडखळतात. १३४४ साली महंमद तुघलकाच्या काळात हिजरी ७४५ चालू असताना हा सन सुरू झाला. आकडा हिजरीचाच घेतला, मात्र वर्ष सौर ठेवले, कारण शेतसारा पिकावर वसूल होतो आणि पिके चंद्राच्या मागे फिरत नाहीत. तो जूनच्या आरंभी, सूर्य मृग नक्षत्रात शिरताना बदलतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. मृगापासून डिसेंबरपर्यंत सुहूर सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आकडा अंकांत न लिहिता अरबी शब्दांत, एकं स्थानापासून उलट क्रमाने लिहितात: तिसा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. दिवस मात्र हिजरी महिन्याचा देतात आणि त्याच्या आधी चंद्राचे ‘छ’ हे अक्षर घालतात. म्हणजे एकाच ओळीत वर्ष सौर असते आणि महिना चांद्र असतो.

चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये वसईचा किल्ला शरण आला. वसईच्या शरणागतीची तारीख पोर्तुगीज कागदांत १६ मे १७३९ आहे आणि तोच दिवस मुंबईच्या इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने ५ मे होता; अठराव्या शतकात दोन्ही पद्धतींतील अंतर अकरा दिवसांचे झाले होते. मराठी गणनेने तो शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर, वैशाख शुद्ध पक्ष होता. १६६१ मध्ये १२ मिळवून साठने भागले की बाकी ५३ उरते. हिजरी ११५२ चा सफर महिना चालू होता. सुहूर सन मात्र ११३९ होता, ‘तिसा सलासीन मया व अलफ’, कारण ७४५ ला एकत्र निघालेले हे दोन सन चारशे वर्षांत तेरा आकड्यांनी दूर गेले होते. हा सुहूर ११३९ कोणी हिजरी समजून वाचला, तर उत्तर १७२६-२७ येते, म्हणजे वसईची मोहीम सुरू होण्याच्या दहा वर्षे आधीचे. आणि तोच कागद महिनाभराने, मृग लागल्यावर लिहिला गेला असता, तर शक आणि संवत्सर तेच राहून सुहूर सन ‘अर्बैन मया व अलफ’, म्हणजे ११४०, झाला असता.